हजारातलं एक: कासवाच्या घरट्याची राखण आणि आपण

सेलू तालुक्यातल्या वालूरहून मी बोलतेय. गावातल्या बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते, त्यामुळं माझं तुमच्याशी नेहमीचं बोलणं म्हणजे हप्ता, कर्ज, पासबुक आणि पुढची बैठक कुणाच्या ओट्यावर घ्यायची हे. आज विषय वेगळा घेतलाय. आज समुद्रातल्या कासवाबद्दल बोलायचंय.

कुणी म्हणेल, ताई, समुद्र आपल्यापासून चारशे-पाचशे किलोमीटर लांब. आपल्याकडं कापसाची वेचणी, सोयाबीनचा भाव, उन्हाळ्यात टँकर. त्यात हे कासव कुठून आलं? तर कासव आपल्याला काही परकं नाही. महादेवाच्या देवळात जाताना नंदीला हात लावून पुढं झालं की दगडात कोरलेलं कासव लागतं. आपण त्याला नमस्कार करूनच गाभाऱ्यात वाकतो. लहानपणापासून करतो. पण ते तिथं कशाला आहे, खऱ्या कासवाचं आयुष्य कसं असतं, हे मात्र फारसं कुणी आपल्याला सांगितलं नाही. आज तेच सांगते, आणि त्यातून आपल्या गावच्या नदीशी त्याचा काय संबंध लागतो तेही सांगते.

आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर जे कासव सगळ्यात जास्त अंडी घालायला येतं, त्याचं नाव ऑलिव्ह रिडले. वजन साधारण चाळीस-पंचेचाळीस किलो, म्हणजे आपल्या धान्याच्या अर्ध्या पोत्याइतकं. आयुष्यभर समुद्रात राहतं. नर तर एकदा पाण्यात गेला की सहसा परत जमिनीवर येतच नाही. मादी येते, आणि तीही फक्त बाळंतपणापुरती. साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, रात्रीच्या वेळी, भरतीच्या पाण्यासोबत ती वाळूवर चढते. भरतीचं पाणी पोचणार नाही अशी जागा बघते. मागच्या पायांनी हात-दीड हात खोल खड्डा खणते. त्याचा आकार आपल्या घागरीसारखा, तोंड लहान आणि पोट मोठं. त्यात शंभर-सव्वाशे अंडी घालते. वाळू लोटते, आणि आपण नवीन भुई चोपतो ना, तशी स्वतःच्या अंगानं थापटून थापटून जागा सपाट करते. तासाभरात सगळं उरकून पाण्यात निघून जाते. ती त्या अंड्यांकडं परत कधीच येत नाही.

हे ऐकून आपल्यापैकी अनेकींना आश्चर्य वाटेल, कारण कीर्तनात आपण वेगळंच ऐकलेलं आहे. कासवी पिलांना दूध पाजत नाही, पंखाखाली घेत नाही, या तीरावरून त्या तीरावरच्या लेकरांकडं नुसती बघते आणि तिच्या नजरेनंच ती वाढतात. कूर्मदृष्टी म्हणतात तिला. संतांनी हा दाखला देवाच्या मायेसाठी दिला, आणि तो फार गोड आहे. आपल्याच गंगाखेडच्या जनाबाईचा वारसा सांगणारे आपण, आपल्याला तो दाखला सोडायचा नाही. पण समुद्रातल्या खऱ्या कासवीला ती नजर ठेवता येत नाही. पन्नासेक दिवस ती अंडी वाळूत एकटीच असतात. मग नजर कुणी ठेवायची?

गेल्या फेब्रुवारीत आमच्या ग्रामसंघातल्या काही जणी आणि मी कोकणात जाऊन आलो. सेलूहून रेल्वेनं मुंबई, तिथून एसटीनं मंडणगड आणि पुढं वेळास. रत्नागिरी जिल्ह्यातलं, बाणकोटच्या खाडीजवळचं छोटंसं गाव. नाना फडणवीसांचं मूळ गाव म्हणून इतिहासाच्या पुस्तकात नाव येतं. सकाळी सातच्या सुमारास आम्ही किनाऱ्यावर उभ्या होतो. जाळीच्या कुंपणात ओळीनं वाळूचे खड्डे, प्रत्येकावर एक टोपली पालथी घातलेली. आपण कोंबडी झाकतो तशी. राखण करणाऱ्या भाऊंनी टोपल्या उचलून बघितल्या. एकीखाली तळहातात मावतील अशी काळपट पिल्लं वळवळत होती. दोरीच्या पलीकडं, पाण्यापासून थोड्या अंतरावर त्यांनी ती सोडली. एकेक पिल्लू थांबत, पडत, पुन्हा चालत लाटेकडं गेलं. आमच्यातल्या एका मावशींनी विचारलं, "यांची माय कुठंय?" भाऊ म्हणाले, "ती गेली दीड-दोन महिन्यांपूर्वीच." मावशी म्हणाल्या, "मंग तुम्हीच माय म्हणायचं." ते नुसतं हसले.

या 'माय' होण्याची गोष्ट साधी नाही. २००२ सालापर्यंत वेळासच्या किनाऱ्यावर कासवाचं घरटं सापडलं की अंडी माणसं तरी काढून न्यायची, खायला किंवा विकायला, नाहीतर कुत्री आणि कोल्हे उकरून खायचे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेची माणसं, भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी, त्या वेळी समुद्री गरुडाची पाहणी करत किनाऱ्यावर हिंडत होती. त्यांना वाळूत अंड्यांची टरफलं दिसली. चौकशी केली तर कळलं की इथं कासव येतं आणि त्याची अंडी राहत नाहीत. त्यांनी गावाशी बोलून राखण सुरू केली. पुढं २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक येऊ लागले. गावात हॉटेल नव्हतं, म्हणून पाहुणे गावकऱ्यांच्याच घरी उतरले. ज्या अंड्याचे पूर्वी एकदाच चार पैसे मिळायचे, त्याच अंड्यातून निघालेलं पिल्लू बघायला माणूस येऊ लागला आणि घराला उत्पन्न मिळू लागलं. आता वन विभाग आणि त्यांचं कांदळवन प्रतिष्ठान हे काम बघतं. वेळाससारखंच केळशी, आंजर्ले, गुहागर, गावखडी, दिवेआगर, हरिहरेश्वर, वेंगुर्ल्याचं वायंगणी अशा कितीतरी किनाऱ्यांवर गावातलीच माणसं राखण करतात. त्यांना कासवमित्र म्हणतात.

आता राखण म्हणजे नेमकं काय, ते सांगते. मला त्यात आपल्या गटाचं काम दिसलं.

कासवमित्र रोज पहाटे उजाडायच्या आत किनारा चालतात. मादी रात्री येऊन गेली असेल तर वाळूवर तिचा माग असतो. दोन-अडीच फूट रुंद, दोन्ही बाजूंना वल्ह्यासारख्या पायांचे ठसे, लांबून बघितलं तर ट्रॅक्टरचं चाक गेल्यासारखा. भरती आली, वारा सुटला, माणसं चालली की तो पुसून जातो. म्हणून उशिरा उठून चालत नाही. माग जिथं वळतो तिथं घरटं असतं. काठीनं हलकेच चाचपून मऊ जागा शोधतात. मग हातानं वाळू काढून अंडी एकेक करून उचलतात. ही अंडी कोंबडीच्या अंड्यासारखी कडक नसतात, चामड्यासारखी लवचिक असतात. ती गोल गोल फिरवायची नाहीत. काही तास गेले की आतला जीव कवचाला चिकटतो, आणि मग अंडं उलटंपालटं झालं तर तो मरतो. म्हणून लवकर उचलायचं, जसं होतं तसं ठेवायचं आणि लवकर नव्या खड्ड्यात न्यायचं. नवा खड्डाही तेवढाच खोल, तसाच घागरीसारखा.

आणि मग वही. कुठल्या तारखेला घरटं सापडलं, किनाऱ्याच्या कुठल्या भागात, अंडी किती, किती वाजता हलवली, खड्ड्याचा नंबर काय. पंचेचाळीस ते पंचावन्न दिवसांनी पिल्लं निघतात, तेव्हा किती निघाली, किती जिवंत. शेवटी खड्डा उकरून टरफलं मोजतात. समजा एकशे दहा अंडी मांडली आणि ऐंशी पिल्लं निघाली, तर बाकीच्या तीस अंड्यांचं काय झालं तेही लिहावं लागतं. फुटली, सुकली, की आत वाढच झाली नाही. आमच्यातल्या एकीनं ती वही बघितली आणि म्हणाली, "ताई, हे तर आपलंच खतावणी पुस्तक दिसतंय." खरंच तसं आहे. जमा किती, खर्च किती, शिल्लक किती. हिशेब लागला तरच कळतं की राखण चालली आहे, का नुसतं कुंपण उभं आहे.

ही वही का महत्त्वाची, त्याचं आणखी एक कारण आहे. कासवाचं पिल्लू मुलगा होणार का मुलगी, हे वाळूच्या उबेवर ठरतं. वाळू थंड असली तर नर जास्त, गरम असली तर माद्या जास्त. साधारण एकोणतीस-तीस अंशांच्या आसपास दोन्ही सारखे निघतात. ऊन वाढत गेलं तर नुसत्या माद्याच निघतील, आणि त्याहून गरम झालं तर अंड्यातच जीव शिजतो. म्हणून काही ठिकाणी खड्ड्यांवर सावली धरतात. हे सगळं कळायला वर्षानुवर्षांच्या नोंदी लागतात. एखाद्या वर्षी घरटी कमी झाली तर घाबरायचं का नाही, हे मागची पानं उलटल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही.

आता एक हिशेब तुम्हीच करा. जाणकार सांगतात की हजार पिल्लांतून साधारण एखादंच मोठं होऊन अंडी घालायला परत येतं. बाकीची मासे, खेकडे, पक्षी खातात, जाळ्यात अडकतात. एका घरट्यात शंभर अंडी धरली तर दहा घरटी मिळून एक आई होते. म्हणजे दहा घरटी चोरीला गेली तर एक आई गेली, आणि तिच्यापुढची सगळी पिढी गेली. शिवाय त्या पिल्लाची मोठी कासवी व्हायला पंधराएक वर्षं लागतात. २००२ मध्ये वेळासला ज्यांनी पहिली अंडी राखली, त्यांना त्या अंड्यांतली मादी परत येण्याची आशा धरायची झाली तरी ती २०१७ च्या सुमारास. पंधरा वर्षं पहाटे उठून किनारा चालायचा, आणि आलेली मादी तीच का दुसरी, हे ओळखायचं काही साधन नाही. चिंच लावणारा माणूस नातवासाठी लावतो म्हणतात. हे काम त्याच जातीचं आहे.

अलीकडं मात्र थोडं ओळखता येऊ लागलंय. २५ जानेवारी २०२२ रोजी वेळासला एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश पाठवणारं छोटं यंत्र बसवलं. पश्चिम किनाऱ्यावरची अशी पहिलीच, म्हणून तिचं नाव प्रथमा. मग आंजर्ल्याला सावनी, गुहागरला रेवा, लक्ष्मी, वनश्री. २०२३ मध्ये गुहागरहून बागेश्री निघाली, ती खाली दक्षिणेला जाऊन, श्रीलंकेला वळसा घालून थेट बंगालच्या उपसागरात पोचली. आणि उलटंही घडलं. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ मध्ये खूणपट्टी लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत आपल्या गुहागरला अंडी घालताना सापडली. तोवर लोकांना वाटायचं, पूर्वेची कासवं पूर्वेला आणि पश्चिमेची पश्चिमेला. एका पट्टीवरच्या नंबरानं ती समजूत मोडली. तो नंबर ओडिशात कुणीतरी नीट लिहून ठेवला होता, आणि गुहागरला कुणीतरी तो नीट वाचला. बघा, नोंद काय करते.

त्या ओडिशाच्या किनाऱ्यावर गहिरमाथा आणि ऋषिकुल्या नदीचं मुख इथं तर लाखोंनी माद्या एकदम येतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये एकट्या ऋषिकुल्येच्या वाळूवर साडेसहा लाखांहून जास्त आल्या. आणि त्याच वर्षी जानेवारीत चेन्नईच्या आसपास हजाराहून जास्त मेलेली कासवं किनाऱ्याला लागली. मोठ्या ट्रॉलरच्या जाळ्यात अडकून गुदमरलेली. कासव पाण्यात राहतं, पण श्वास घ्यायला त्याला वर यावंच लागतं. जाळ्यात अडकलं की ते बुडून मरतं. आपल्या राज्यात २०१८ पासून एक योजना आहे. जाळ्यात कासवासारखा संरक्षित प्राणी अडकला आणि मच्छीमारानं जाळं कापून त्याला सोडलं, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. मला ही गोष्ट फार पटली. गरिबाला नुसतं 'प्राणी वाचव' म्हणून सांगायचं आणि त्याचं जाळं फाटलं तर तोंड फिरवायचं, हे बरं नाही. ज्याचं नुकसान होतं त्याचा विचार केला तरच राखण टिकते.

इथं मला आपल्या बायकांच्या बाजूनं एक बोलायचंय. कासव महोत्सवाला पाहुणे येतात, घरात राहतात. म्हणजे काम कुणाचं? पहाटे पाणी तापवणं, चहा, न्याहरी, दोन वेळचा स्वयंपाक, अंथरूण-पांघरूण, सगळं बाईचं. आमच्या मावश्यांनी हे लगेच हेरलं. परत येताना गाडीत हीच चर्चा. पाहुणचार बाईनं करायचा आणि पैसे घरातल्या कर्त्याच्या खिशात, असं कुठल्याही गावात होऊ शकतं, आपल्याही. म्हणून निसर्गाचं काम असो की पापडाचं, हिशेब बाईच्या नावानं हवा. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गट आहे. त्या बायका स्वतः होडी वल्हवतात आणि पाहुण्यांना खाडीतलं कांदळवन दाखवतात. झाडांची नावं, पक्ष्यांची नावं त्याच सांगतात. जंगल राखल्याचा पैसा गटाच्या खात्यात येतो. तो नमुना आपल्या डोळ्यापुढं असू द्या.

दुसरी एक गोष्ट. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला धडकलं. मंडणगड-दापोली भागात नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या, घरांची छपरं उडाली. त्याच वर्षी कोरोनानं पाहुणेही बंद झाले. ज्यांचं सगळं उत्पन्न पाहुण्यांवर होतं त्यांचं काय झालं असेल, ते आपण दुष्काळातून ओळखतो. म्हणून आपण गटात सांगतो ना, एकाच धंद्यावर सगळं टाकू नका, ते तिथंही लागू आहे. आणि पाहुणे नाहीत म्हणून कासव यायचं थांबत नाही. पैसा असो नसो, पहाटे किनारा कुणीतरी चालायलाच लागतो.

आता आपल्या मराठवाड्याकडं येऊ. आपल्याकडं समुद्र नाही, पण नदी आहे. सेलू तालुक्यातून दुधना वाहते. ती पूर्णेला मिळते, पूर्णा गोदावरीला, आणि गोदावरी आंध्रातून बंगालच्या उपसागराला. बागेश्री जिथं पोहत गेली तोच समुद्र. आपण गणपतीत, दसऱ्यात, दशक्रियेला नदीत जी प्लॅस्टिकची पिशवी निर्माल्यासकट सोडतो, ती कुजत नाही. पावसाळ्यात पूर आला की ती पुढं पुढं सरकते. पाण्यात तरंगणारी पांढरी पिशवी आणि जेलीफिश ही कासवाला सारखीच दिसतात. पिशवी गिळली की आतडं अडतं. आपल्या ओट्यावरून सुटलेली पिशवी पाचशे कोस जाते, हे कुणाला दिसत नाही, एवढंच.

आणि नदीतही कासवं आहेत. मऊ पाठीची, चपटी, लांब नाकाची. गोदावरीच्या खोऱ्यात लीथचं कासव म्हणून एक जात आहे. ती फक्त दक्षिण भारतातल्या नद्यांत आढळते आणि आज ती नष्ट होण्याच्या अगदी काठावर आहे. नदीची कासवंही काठच्या मातीत, वाळूत खड्डा करूनच अंडी घालतात. आता सांगा, नदीत वाळू राहिलीय कुठं? रात्रभर हायवा भरभरून वाळू जाते. वाळू गेली की विहिरींचं पाणी खाली जातं, हे आपल्याला कळतं, कारण घागर आपल्या डोक्यावर असते. पण वाळूसोबत कासवाची बाळंतखोलीही जाते, हे कुणी मोजत नाही. कोकणात वाळू किनाऱ्यावर आहे म्हणून तिथं अंडी हलवून का होईना राखता येतात. आपल्याकडं मुळात जागाच उपसून नेली, तर राखायचं काय?

आणखी एक विषय आहे, तो नाव घेऊन बोलायला हवा. वीस नखांचं कासव घरात आणलं की गुप्तधन सापडतं, पैशांचा पाऊस पडतो, असं सांगणारे लोक आपल्या भागात फिरतात. कर्जात बुडालेल्या घराला ते बरोबर हेरतात. मैत्रिणींनो, कासवाच्या नखांत पैसा नाही. असला तर तो त्याच्या नावानं तुमच्याकडून उकळणाऱ्याच्या खिशात आहे. गुप्तधनाच्या नावाखाली फसवणाऱ्यांसाठी आपल्या राज्यात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणं असं संरक्षित कासव पकडणं, विकणं, विकत घेणं, घरात पाळणं हा गुन्हा आहे. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी तीन ते सात वर्षं कैद होऊ शकते. नशीब उजळावं म्हणून हंड्यात ठेवलेलं चांदणीचं कासवसुद्धा यातच येतं. घरच्या पुरुषमाणसानं कुठून आणलं असेल तरी छापा पडल्यावर दारात आपणच उभ्या असतो. तेव्हा आधीच बोला. शेतात, विहिरीत, रस्त्यावर कासव सापडलं तर ते पोत्यात भरून आणू नका. वन विभागाचा १९२६ हा टोल फ्री नंबर आहे, त्यावर कळवा.

मग आपल्या गटानं नेमकं काय करायचं? मी तीन कामं सांगते. तिन्ही आपल्याला झेपतील अशी आहेत.

पहिलं काम, वही मागा. जैवविविधता कायदा २००२ प्रमाणं प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि गावाची लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. गावात कुठली झाडं, पिकांचे कुठले वाण, कुठले पक्षी, मासे, प्राणी, आणि त्यांची माहिती कुणाला आहे, हे त्यात लिहायचं असतं. त्या समितीत किमान एक तृतीयांश महिला असाव्यात, असा नियम आहे. तुमच्या गावच्या समितीत कुठल्या बाईचं नाव आहे, हे ग्रामसेवकांना विचारा. नाव नुसतं कागदावर असेल आणि त्या बाईलाच ठाऊक नसेल, तर तिला सांगा की ताई, तुम्ही सदस्य आहात, चला. नोंदवही उघडून बघा. त्यात नदीचं कासव आहे का? नसेल तर लिहायला लावा.

दुसरं काम, म्हाताऱ्यांना विचारा. आपल्या गावातल्या ज्या आजी नदीवर धुणं धुवायच्या, ज्या घरांत मासेमारी चालायची, त्यांना ठाऊक असतं की कासव कुठल्या डोहात असायचं, कुठल्या महिन्यात काठावर यायचं, आता शेवटचं कधी दिसलं. ही माहिती कुठल्याही कार्यालयात नाही. ती त्यांच्यासोबत जाईल. बैठकीत हप्ता गोळा झाला की दहा मिनिटं यासाठी ठेवा. ज्या मुलीचं अक्षर चांगलं आहे तिला लिहायला बसवा. सांगणारीचं नाव, गाव, जागा, महिना. एवढं पुरे.

तिसरं काम, ग्रामसभा. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद आहे, ती आपण नुसती सही करून संपवतो. यंदा तिच्यात दोन विषय घ्या. नदीकाठी निर्माल्यासाठी कुंड किंवा खड्डा, म्हणजे पिशवी पाण्यात जाणार नाही. आणि वाळूचा उपसा. वाळूचा विषय काढला की घरातून, गल्लीतून दबाव येतो, हे मला माहीत आहे. कुणाचा दीर त्या धंद्यात असतो, कुणाचा भाचा. म्हणून एकटीनं उठून बोलायचं नाही. गटाचा ठराव करून, सगळ्यांच्या सह्यांनी तो पुढं ठेवायचा. पन्नास सह्यांतली एक सही कुणाला बोट दाखवून धरता येत नाही. बचत गटानं आपल्याला हेच तर शिकवलं, की एकटीच्या पदरात दहा रुपये असतात आणि दहा जणींच्या पदरात बँक उभी राहते.

हे जमणार नाही असं कुणी म्हणत असेल तर त्यांनी आमच्या वालूरला यावं. आमच्या गावात जुन्या बारवा आहेत. त्यातली चक्राकार पायऱ्यांची बारव गाळानं, झाडोऱ्यानं, कचऱ्यानं भरून गेली होती. गावकऱ्यांनी श्रमदान करून तो गाळ उपसला, पायऱ्या मोकळ्या केल्या. आज लांबून लोक ती बघायला येतात. पायऱ्या आधीपासून तिथंच होत्या. कुणीतरी आधी बघायचं, मग हात घालायचा, एवढंच बाकी होतं.

कासवाचंही तसंच आहे. वेळासच्या लोकांनी काही मोठं यंत्र आणलं नाही. जाळीचं कुंपण, टोपल्या, काठी, वही आणि रोज पहाटे उठणारी माणसं. यातलं असं काय आहे जे आपल्याकडं नाही? पहाटे उठणं तर आपल्याला कुणी शिकवायलाच नको.

तेव्हा पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात हा विषय लिहा. तुमच्या गावच्या नदीत, तळ्यात कासव शेवटचं कधी आणि कुठं दिसलं, ते शोधून काढा. जे कळेल ते आपल्या रेडिओला कळवा, आपण ते इथं वाचून दाखवू, सांगणारीच्या नावासकट. नोंद झाली की ती आपली राहते, आणि उद्या कुणी म्हणालं की या नदीत कधी काही नव्हतंच, तर वही पुढं ठेवता येते.